बसऱ्याचं मेडल कुरिअरने पाठवू नका

आठवडाभर सोलापूर, मोहोळ, बार्शीकडच्या सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. गावात १९१४-१९१९ कोरलेला दगड असेल तर पहिल्या महायुद्धाला गेलेल्यांच्या वारसांना ब्रिटिश सरकार ५ लाख देणार, त्यासाठी आधारचा फोटो आणि ५०० रुपये पाठवा, घरात जुनं मेडल असेल तर तपासणीसाठी कुरिअर करा. वर आमच्या गावाचं नाव घालून लिहिलंय की इथून १७० माणसं जबरदस्तीने नेली, एकही परत आला नाही, सगळ्यांची नावं इंडिया गेटवर आहेत.

परवा आत्याकडे गेलो तर ती मेडल फडक्यात गुंडाळून, वर दोरा बांधून, पत्ता लिहायला माझीच वाट बघत बसलेली. ५०० रुपये आधीच गेलेले. "सरकारचंच हाय की रे, शिक्का हाय त्यावर," म्हणाली. डोकंच फिरलं माझं.

आधी मेडलचंच सांगतो. पहिल्या महायुद्धाच्या मेडलच्या कडेवर, म्हणजे जाडीवर, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. आत्याच्या मेडलवर बॅटरी धरून बघितलं तर "११७ मराठा" इंग्रजीत स्पष्ट वाचता येतं, नंबरातला एक आकडा झिजलाय. ही पलटण पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, आपली म्हातारी माणसं ज्याला बसरा म्हणायची तिकडं, १९१४ लाच उतरली होती. आम्ही गावातले पाच-सहाजण आणि एक रिटायर गुरुजी दोन वर्षं घरोघर फिरून वंशावळी लिहून घेतोय, तेव्हा कुठं असा एखादा धागा मिळतो. मेडल चांदीचं आहे. एकदा कुरिअरने गेलं की ते वितळवलं जाणार आणि त्याच्यासोबत नंबरही जाणार, मग माणूस शोधायचा कशावरून?

आता ५ लाख. असली कसलीही योजना नाही. या लढाईतल्या कबरी, स्मारकं आणि मेलेल्यांच्या नोंदी सांभाळते ती कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, तिचा खर्च सहा देश उचलतात आणि त्यात भारतही आहे. ती वारसांना पैसे वाटत नाही, आणि तिच्या वेबसाइटवर नाव शोधायला एक रुपयाही लागत नाही. शोधताना फक्त सोलापूरचं जुनं इंग्रजी स्पेलिंग टाका, शोलापूर असं, नाहीतर काहीच सापडत नाही. कितीतरी नोंदींत बापाचं नाव आणि गावसुद्धा असतं.

१७० चा आकडा कुठून आणला देव जाणे. चावडीजवळच्या दगडावर १७ गेले, २ मेले असं कोरलंय, कुणीही जाऊन हात लावून बघावं. आणि एकही परत आला नसता तर आत्याचा आजा, माझा पणजोबा, तो बसऱ्याहून कसा आला आणि आम्ही कुठून आलो?

इंडिया गेटचंही तसंच. तिथं १३ हजारांच्या वर नावं आहेत, पण ती मुख्यतः वायव्य सरहद्द आणि तिसऱ्या अफगाण युद्धात मेलेल्यांची. त्या महायुद्धात भारतीय मेले ७० हजारांच्या वर. बसऱ्याच्या स्मारकावर तर आपल्या साध्या शिपायांची नावं कोरलीच नाहीत, पलटणीखाली नुसता आकडा. खुद्द त्या कमिशनने २०२१ च्या अहवालात कबूल केलंय की किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत माणसांची, बहुतेक पूर्व आफ्रिका आणि इजिप्तकडची, नावानिशी आठवण ठेवलीच गेली नाही, किंवा मुळीच ठेवली गेली नाही, आणि त्याबद्दल माफीही मागितली. सगळी नावं इंडिया गेटवर आहेत असं सांगून हा मेसेज लोकांचं शोधणंच बंद पाडतोय.

राहिली जबरदस्ती. यात थोडं तथ्य आहे, मान्य करतो. भारतीयांवर सक्तीचा कायदा नव्हता, पण शेवटच्या दोन वर्षांत वरून माणसं मागितली जायची, दबाव पाटील-मामलेदारामार्फत खाली यायचा, त्यात १९१८ ला पाऊस पडला नाही. भुकेपोटी गेलेले बरेच असणार. पण सगळेच धरून नेले हे खोटं आहे, पणजोबा आपल्या पायाने गेला होता असं आत्याच सांगते.

आत्याचे ५०० गेले ते गेले, त्याची तक्रार केलीय. मेडल परत पेटीत ठेवलंय. तुमच्या घरात असेल तर कडेचा चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा, आणि कृपा करून दिवाळीला चिंच लावून घासू नका, त्यानंच आमचा एक आकडा गेलाय.