‘चुकलं की जाळत’? हिब्रू पोथ्यांबद्दलचा एक दावा

सध्या एक मजकूर फिरतो आहे: ज्यू लेखनिक प्रत्येक अक्षर मोजत, एक चूक झाली तरी अख्खी गुंडाळी जाळत, म्हणून ३००० वर्षांत हिब्रू शास्त्रात एका अक्षराचाही फरक पडला नाही. लेखनिकांबद्दलचा आदर रास्त आहे, पण हे वर्णन त्यांच्या कामाचं नाही.

आधी जाळण्याचं बघू. तोरा म्हणजे हिब्रू शास्त्रातली पहिली पाच पुस्तकं. ती हाताने लिहिणारा लेखनिक, सोफेर, चूक दुरुस्त करतो. शाई मायफळ, हिराकस आणि डिंकाची. चर्मपत्रावर ती वाळली की धारदार पात्याने अक्षर खरवडायचं, जागा घासून गुळगुळीत करायची आणि पुन्हा लिहायचं. चूक असलेली प्रत ३० दिवसांपेक्षा जास्त तशीच घरात ठेवू नये, असं तलमूद, म्हणजे ज्यू धर्मनियमांचा आणि चर्चांचा जुना संग्रह, सांगतो. म्हणजे दुरुस्ती गृहीतच धरलेली आहे. अडतं ते देवाच्या नावापाशी. ते खोडता येत नाही, त्यामुळे तिथे चुकलं तर चर्मपत्राचा तो अख्खा ताव काढून नवा लिहून शिवतात. काढलेला ताव जाळत नाहीत, जपून ठेवतात किंवा पुरतात. तेफिलिन (प्रार्थनेच्या वेळी अंगावर बांधायच्या डब्यांतले लेख) आणि मेझुझा (दाराच्या चौकटीवर लावायचा लेख) यांचा नियम मात्र कडक आहे: अक्षरं क्रमानेच लिहिलेली हवीत, राहिलेलं अक्षर मागाहून घालता येत नाही. अफवेचं मूळ कदाचित इथे असेल.

मोजणी होत असे, हे खरं. पण तलमूदमध्येच एक प्रसंग आहे. लेवीय या तोरातल्या पुस्तकात, ११:४२ मधल्या ‘गाहोन’ शब्दातलं ‘वाव’ हे अक्षर तोरातलं मधलं अक्षर, असं जुने लोक सांगत. तो पहिल्या अर्ध्यात धरायचा की दुसऱ्या, असा प्रश्न निघाला. गुंडाळी आणून मोजू या, असं कुणी सुचवलं. त्यावर उत्तर आलं की वाव आणि योद ही स्वर दाखवणारी अक्षरं कुठे घालायची आणि कुठे गाळायची यात ते जुने लोक जाणकार होते, आपण नाही. आजच्या तोरात ३,०४,८०५ अक्षरं आहेत आणि त्यांचा मध्य त्या वावापासून हजारो अक्षरं दूर पडतो.

पाठ खरा राखला तो समासातल्या टिपांनी. मसोरेट, म्हणजे तिबेरिया गावातले पाठ जपणारे मध्ययुगीन ज्यू विद्वान, नेहमीपेक्षा वेगळ्या लिहिलेल्या शब्दावर बारीक वर्तुळ काढत आणि समासात ‘लामेद’ हे अक्षर लिहीत: हा शब्द असा एवढ्या एकाच ठिकाणी येतो. पुढच्या लेखनिकाचा हात तो ‘सुधारायला’ शिवशिवला, तर ही खूण त्याला अडवी.

आता ‘एका अक्षराचाही फरक नाही’. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत मिळालेल्या, यशया या पुस्तकाच्या मोठ्या गुंडाळीत, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या प्रतीत, अध्याय ४० पाहा. ‘गवत सुकते, फूल कोमेजते’ हे शब्द तिथे लागोपाठच्या दोन ओव्यांत येतात. लेखनिकाची नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर गेली आणि मधला मजकूर गळला. पुढे दुसऱ्या कुणी तो ओळीच्या वर घातला. मावेना, तेव्हा समासातून खाली उतरवला. देवाच्या नावाच्या जागी त्याने चार टिंबं दिली आहेत. यिर्मया हे तर अख्खं पुस्तकच दोन रूपांत होतं. जुन्या ग्रीक भाषांतरातला पाठ बराच तोकडा आहे, आणि तसाच तोकडा पाठ कुमरानच्या चौथ्या गुहेत हिब्रूत सापडला.

उलट टोकाचा दावा, सगळं कर्णोपकर्णी बिघडलं, हाही टिकत नाही. मृत समुद्राकाठच्याच एन-गेदीला १९७० मध्ये कोळसा झालेली गुंडाळी मिळाली. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली ही प्रत न उलगडता, स्कॅन करून वाचली. त्यात लेवीयचा आरंभ आहे, आणि वाचता आलेली व्यंजनं आजच्या पाठाशी जुळतात.

१ शमुवेल या पुस्तकातलं १३:१ हे वाक्य हिब्रूत शब्दशः म्हणतं की शौल राजा झाला तेव्हा एक वर्षाचा होता. आकडा कधीतरी गळला आहे, हे उघड दिसतं. एखादा बेताचा आकडा घालणं कुठल्याही लेखनिकाला सोपं होतं. १००८ साली कैरोत लिहिलेल्या, आज लेनिनग्राडच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोथीत ते वाक्य तसंच आहे.