पिल्लू स्वतःची शी खाते, त्यात पिल्लाचा दोष किती?

अमळनेरच्या आमच्या घरी गेल्या पावसाळ्यात एका जिनिंगच्या आवारातून दीड महिन्याचे गावठी पिल्लू आणले आणि तिचे नाव भुरी ठेवले. चौथ्या दिवशी सकाळी मी अंगणात गेले, तेव्हा ती स्वतःचीच शी खात होती. मी ओरडले, तशी तिने उरलेली घाईघाईने गिळली. त्या दिवसापासून पुढचे तीन आठवडे आम्ही घरातल्या सगळ्यांनी मिळून जे काही केले, त्यातले बहुतेक चुकीचे होते, असे आज माझे स्पष्ट मत आहे.

शेजारून पहिला सल्ला आला तो तिचे नाक त्यात घासून एक चापट देण्याचा. आमच्या ह्यांनी तो एकदा अमलातही आणला. त्यानंतर भुरीने खाणे सोडले नाही, फक्त आमच्यासमोर शी करणे सोडले. ती कोपऱ्यातल्या कडब्यामागे जाऊन बसायची आणि आम्ही पोहोचण्याआधी जागा साफ झालेली असायची. शी दिसली की मार बसतो एवढेच तिला कळले होते, आणि ती दिसेनाशी करण्याचा मार्ग तिच्याजवळ एकच होता. त्या वेळी सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "नको मारू तिले, भूक लागेल शे तिले." आम्ही ते हसण्यावारी नेले.

मुळात ही गोष्ट आपल्याला वाटते तितकी विकृत नाही. पिल्ले जन्मतात तेव्हा त्यांना स्वतःहून शी-शू करता येत नाही. आई त्यांना चाटून ती करवते आणि जागा स्वच्छ राहावी म्हणून ती खाऊनही टाकते. अशा घरातून आलेल्या, त्यातही आईपासून लवकर तुटलेल्या पिल्लाने तोंड लावून पाहावे यात नवल नाही, आणि बहुतेक पिल्लांची ही सवय वाढत्या वयात सुटते. मात्र जंत, अर्धपोटी राहणे, अन्न न पचण्याचे आजार, दिवसभर एकटे बांधून ठेवणे, ही कारणेही असू शकतात, म्हणून आधी पशुवैद्यांना दाखवावे. भुरीच्या विष्ठेत जंत निघाले. वजनाप्रमाणे औषध मिळाले, पंधरा दिवसांनी पुन्हा मिळाले, आणि दोन वेळची दूध आणि दादर ज्वारीची भाकरी बंद करून चार वेळा थोडे थोडे, अंडे किंवा उकडलेले चिकन घातलेले खाणे सुरू झाले. सासूबाईंचे म्हणणे निदान अर्धे तरी खरे ठरले. तरीही केवळ खाणे बदलल्याने सवय गेली, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण जंत गेल्यावरही ती काही दिवस खातच होती.

मधल्या काळात आम्ही एका दुकानातून खाण्यात मिसळायची पावडरही आणली, जिच्यामुळे म्हणे विष्ठेची चव बिघडते. चव बिघडली असेलही, भुरीला त्याचे काही वाटले नाही. पुढे वाचनात आले की कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील बेंजामिन हार्ट आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये कुत्रे पाळणाऱ्यांची मोठी पाहणी प्रसिद्ध केली होती. तीत वारंवार विष्ठा खाणारी कुत्री सुमारे 16 टक्के निघाली आणि बाजारातल्या 11 उत्पादनांचे यश शून्य ते दोन टक्के इतकेच होते. शिकवून सवय मोडण्याचे आकडेही फारसे उत्साहवर्धक नव्हते. मला त्यातली सर्वांत उपयोगी वाटलेली नोंद वेगळीच आहे: ही कुत्री जवळजवळ नेहमी दोन दिवसांच्या आतली, ताजी विष्ठाच खातात. आपल्याकडे वैशाखात अकरा वाजेपर्यंत ती वाळून खडा होते, पण पावसाळ्यात दिवसभर ओली राहते, आणि आम्ही तर ती संध्याकाळी झाडलोटीच्या वेळी उचलत होतो!

तेव्हा आम्ही एवढेच ठरवले की तिला खायला काही शिल्लकच ठेवायचे नाही. खाणे झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी गळ्यात दोरी घालून तिला एकाच कोपऱ्यात न्यायचे आणि गप्प उभे राहायचे. ती गोल फिरून बसायची. उठताना मान मागे वळली की त्याच क्षणी हाक मारून चिकनचा बोटभर तुकडा नाकासमोर धरायचा, आणि ती तो चावत असताना दुसऱ्याने सुपडीत राख घेऊन शी उचलायची. पहिल्या दिवशी मला दोरी धरून ठेवावी लागली. आठवडाभरात ती उठल्या उठल्या माझ्या मुठीकडे पाहू लागली, खाली पाहण्याचे विसरून. यात शिकवणे कमी आणि आमची शिस्त जास्त होती, कारण ज्या दिवशी आम्हाला उशीर झाला, त्या दिवशी तिने खाल्लेच.

भुरी आता आठ महिन्यांची आहे आणि अंगणात मोकळी असते. स्वतःच्या शीकडे ती ढुंकून पाहत नाही, पण गल्लीच्या टोकाला बांधकामाची वाळू पडली आहे, तिथे मांजरे येऊन जातात आणि तिथे ती अजूनही दोरी ओढते. त्यामुळे सध्या आम्ही मागच्या गल्लीने फिरायला जातो.