औषध, कर्ज आणि कुलपाला लटकलेली किल्ली

नमस्कार भाऊ,

‘मुंबईत पंख्याखाली बसून आमच्या मरणावर लिहू नका. शेतकरी कर्जानं मरतो, बाटलीनं नाही. बाटली बंद केली तर तो दुसरा मार्ग काढेल,’ अशी तुमची प्रतिक्रिया, ‘शेतकऱ्यांच्या आत्महत्या रोखायच्या तर जहाल कीटकनाशकांवर बंदी घाला’ या माझ्या लेखावर.

पंखा कबूल. कुर्ल्याची खोली आहे, त्याशिवाय बसवत नाही. पण मुंबईचा संबंधच नाही असं नका म्हणू. १९५८ साली इथून निघालेल्या जहाजात गव्हाचं पीठ आणि कीटकनाशक शेजारी ठेवलं गेलं, आणि ते पीठ खाऊन केरळात शंभरावर माणसं दगावली. १९६८चा कीटकनाशक कायदा त्यानंतरचा.

एक चूक मात्र माझीच. २०१७चं यवतमाळ मी आत्महत्यांच्या ओघात लिहून टाकलं. त्या पावसाळ्यात फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली. ती मरायला नव्हती गेली, कामावर गेली होती. कपाशी डोक्याच्या वर, अळीच्या धास्तीनं दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, पाठीवर पंप, अंगात जुना सदरा. एवढ्या उंच पिकात फवारा तोंडावरच येतो. जहाल विषाच्या डब्यावर धोक्याचा लाल त्रिकोण असतो म्हणे. असतो, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात सूचना.

आता तुमचा मुख्य मुद्दा. कर्ज खरंच आहे, त्यावर वाद नाही. पण कर्ज वर्षानुवर्षं साचतं आणि जिवावर उठवणारा झटका पुष्कळदा तासाभराचा असतो. त्या तासात हाताशी काय आहे, यावर माणूस उरतो की जातो ते ठरतं. श्रीलंकेनं १९९५पर्यंत सगळ्यात जहाल वर्गातली कीटकनाशकं बंद केली, १९९८ला एंडोसल्फान हे आणखी एक कीटकनाशक. २००५पर्यंत आत्महत्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. दुसरे मार्ग त्या मानानं वाढले नाहीत, भाताचं पीकही घटलं नाही. कर्जं काही त्या दहा वर्षांत फिटली नव्हती, यादवी युद्धही संपलं नव्हतं. (तुमच्या ओळखीत कोणी अशा काठावर असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या. फुकट आहे, मराठीत बोलतात.)

‘बंदी कशाला, कुलूप लावा,’ असंही खाली कुणी लिहिलंय. श्रीलंकेतच गावोगावी कुलपाच्या पेट्या वाटून पाहिल्या, फरक पडला नाही. का, ते मला आजोळी दिसलं. मामाकडे फवारणीची बाटली तिखट-मिठाच्या फळीवर असायची. मी हटकलं तर म्हणाला, ‘राहू दे, औषध आहे ते.’ विषाला औषध म्हणणारे आपण; ‘त्यानं औषध घेतलं’ म्हटलं की सगळ्या गावाला कळतं. पुढल्या साली पत्र्याची पेटी आली, कुलूपही आलं. किल्ली कुलपालाच लटकलेली, कारण फवारणीच्या दिवसांत ती दहादा लागते.

यवतमाळचा परिच्छेद आज वेगळा काढतो. कर्जाबद्दल तुम्ही सविस्तर लिहून पाठवलंत तर इथंच लावीन, एक शब्दही न कापता.