पंचवीस वर्षं म्हणजे ‘पूर्वतयारी’?

‘२००६च्या फन होममुळे अॅलिसन बेख्डेल एका रात्रीत मोठी झाली, आधीची स्ट्रिप ही पूर्वतयारी’ हे अमेरिकी व्यंगचित्रकार बेख्डेलवरच्या लेखातलं वाक्य खटकलं. फन होम हे तिचं चित्ररूप आत्मकथन. पण १९८३ ते २००८ चाललेली ‘डाइक्स टू वॉच आउट फॉर’ ही तिची कॉमिक स्ट्रिप पूर्वतयारी कशी? लेस्बियन बायकांचं घरभाडं, भांडणं, आजारपण, राजकारण, सगळं तिच्यात आहे. पात्रं वाचकांबरोबर वयानं वाढतात, मुख्य पात्र मो ज्या पुस्तकांच्या दुकानात काम करते ते शेवटी बंद पडतं. मोठ्या दैनिकांनी नाही, छोट्या समलिंगी आणि पर्यायी पत्रांनी ती जगवली. लेखात याचा उल्लेखही नाही!

आणि ती प्रसिद्ध ‘बेख्डेल कसोटी’ १९८५च्या याच स्ट्रिपमधली: चित्रपटात किमान दोन बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात आणि तेही पुरुष सोडून इतर विषयावर. कल्पना मैत्रीण लिझ वॉलेसची, हे श्रेय बेख्डेल स्वतः देते. आम्ही मैत्रिणी भागवतला चित्रपट पाहून निघालो की सात रस्त्यापर्यंत हाच हिशोब चालतो. बहुतेक चित्रपट दुसऱ्याच अटीला गळतात. सोलापुरात मला कुणाला सांगता न येणाऱ्या गोष्टी मो बिनधास्त बडबडते, म्हणून मला फन होमपेक्षा तीच जवळची.