सर्व्हरला चालतं, मग घरी का नको?

लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) सर्व्हरवरच, म्हणजे वेबसाइट वगैरे चालवणाऱ्या कॉम्प्युटरवरच शोभतं, घरच्या कॉम्प्युटरवर त्याचा उपयोग नाही, हे लेखातलं मत काही पटलं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि ठरावीक प्रोसेसर लागतात, म्हणून आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत चांगले धडधाकट लॅपटॉप भंगारात निघाले. सासऱ्यांचा मात्र मी वाचवला. ४ जीबी रॅम, त्यावर लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी ही वेगवान डिस्क (वेगात खरा फरक तिनेच पडतो, पण श्रेय लिनक्सला जातं!). मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड (भारतीय भाषांची प्रमाण कळरचना) आयबस या टायपिंगच्या प्रोग्राममधून मिळतो. पेन ड्राइव्हवरून आधी लाइव्ह (म्हणजे इन्स्टॉल न करताच) चालवून वायफाय, आवाज, प्रिंटर तपासायचं, मगच इन्स्टॉल. अडतं ते टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरपाशी आणि डिजिटल सिग्नेचरच्या डोंगलपाशी (सहीचा यूएसबी). सीएच्या ऑफिसात विंडोज राहू दे की.

सर्व्हरबद्दल लेखकाने 'लावा आणि विसरा' लिहिलंय, ते तर धोक्याचं आहे. महापेला आमच्याकडे डेबियनवर (हाही लिनक्सचाच प्रकार) एनजिनएक्स हे वेबसाइट पुरवणारं सॉफ्टवेअर चालतं. नवा सर्व्हर इंटरनेटवर आला रे आला की कुठून कुठून रूटचा (सगळे अधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड चाचपणं सुरू होतं; लॉग (नोंदींची फाइल) उघडा, 'फेल्ड पासवर्ड'च्या ओळींची रांग दिसेल. एसएसएचला (सर्व्हरवर दुरून शिरायची सोय) पासवर्डने लॉगिन बंद करून 'की', म्हणजे किल्लीसारखी फाइल वापरायची, सुरक्षा अपडेट आपोआप लागतील असं ठेवायचं. यावर लेखात चकार शब्द नाही.