मराठी विकिपीडियावर आपल्याला लिहू देत नाहीत? फिरत्या मजकुराला उत्तर

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपपासून नेरुळच्या ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपपर्यंत सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं सार असं: मराठी विकिपीडिया मूठभर लोकांच्या हातात आहे, नवख्याचं लिखाण ते काही मिनिटांत उडवतात, लेख टिकवायचा तर पैसे मोजावे लागतात, मराठी टायपिंगचा कोर्स केल्याशिवाय तिथे काम करता येत नाही, फोटो टाकला तर कॉपीराइटची नोटीस घरी येते, आणि तसंही तिथे कुणीही काहीही लिहितं, तेव्हा त्या भानगडीत पडू नका. खाली अर्थातच ‘सर्वांना पाठवा’.

पहिलं आणि शेवटचं वाक्य जरा शेजारी ठेवून बघा. एकीकडे म्हणे कुणाला लिहू देत नाहीत, दुसरीकडे म्हणे कुणीही काहीही लिहितं. दोन्ही एकदम कसं जमतं ते मजकूर लिहिणाऱ्यालाच ठाऊक. पण निव्वळ थापा म्हणून तो बाजूला सारता येत नाही. ठाण्यात नव्या संपादकांना मदत करायला मी बसते तेव्हा याच शंका समोर येतात, आणि बहुतेकींच्या मागे कुणाच्या तरी बाबतीत खरोखर घडलेली गोष्ट असते.

‘मूठभरांच्या हातात आहे’ इथून सुरुवात करू. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. खातं उघडायला पैसे, पदवी, शिफारस यांतलं काही लागत नाही. ईमेल देणंसुद्धा ऐच्छिक आहे. फक्त तो दिला नाही आणि पासवर्ड विसरलात तर खातं परत मिळवणं अवघड होतं, म्हणून द्यावा. सदस्यनाव टोपणनाव असलं तरी चालतं. वरच्या ‘संपादन’ कळीवर टिचकी मारली की लेख बदलता येतो. प्रचालक म्हणजे पानं काढणं, पानं सुरक्षित करणं, त्रास देणाऱ्या खात्यांना रोखणं यांचे अधिकार असलेले सदस्य. त्यांना सदस्यांच्या समुदायाने कौल देऊन निवडलेलं असतं, आणि लेखात काय असावं या वादात त्यांच्या मताला तुमच्या मताहून जास्त वजन नसतं. त्यांनी काढलेल्या प्रत्येक पानाची आणि रोखलेल्या प्रत्येक खात्याची नोंद कुणालाही बघता येते. रोज काम करणारे मात्र खरंच थोडे आहेत, म्हणून जिथे जावं तिथे तीच चार नावं दिसतात. त्यातल्या काहींची उत्तरं तुटक असतात, हेही खरं. नवख्याला ते खटकतं, आणि तुटक उत्तर देणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही.

‘लगेच उडवतात’ या तक्रारीवर मात्र सावकाश बोलायला हवं, कारण ‘उडवलं’ या एका शब्दात लोक दोन वेगळ्या गोष्टी कोंबतात. तुम्ही लेखात घातलेला बदल कुणी उलटवला, तर तो नाहीसा होत नाही. लेखाच्या वर ‘इतिहास’ असतो, तिथे प्रत्येक आवृत्ती तारीख-वेळेसह राहते आणि उलटवणाऱ्याने कारण लिहिलं असेल तर तेही दिसतं. अख्खं पान काढलं असेल तर ते सर्वांना दिसत नाही, पण प्रचालकांना दिसतं आणि ते परतही आणता येतं. माझ्याकडे तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ‘इतिहास’ उघडलेलाच नसतो. आधी तो उघडायचा, राग नंतर.

कारणं साधारण तीन निघतात. पहिलं, संदर्भ नसणं. ठाणेकरांचं आवडतं वाक्य घ्या: ‘भारतातली पहिली रेल्वे ठाण्यापर्यंत धावली’. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली, अंतर ३४ किलोमीटर, प्रवासी सुमारे ४००, हे सगळं बरोबर. पण संदर्भ शोधायला गेलं की कळतं, मद्रासजवळ रेड हिल्सहून दगड वाहून नेण्यासाठी १८३७ मध्येच रूळ टाकले होते आणि रुडकीजवळ कालव्याच्या बांधकामासाठी १८५१ मध्ये इंजिन धावलं होतं. म्हणून ‘पहिली प्रवासी रेल्वे’ असं लिहायचं. कुणी तुमच्या वाक्यात ‘प्रवासी’ हा शब्द घातला तर तो ठाण्याचा अपमान नाही. आणि वाक्यापुढे संदर्भ असेल तर ते उलटवणाऱ्याला कारण विचारायला तुम्हाला आधार मिळतो.

दुसरं कारण नक्कल, आणि हे सगळ्यांत जास्त वेळा दिसतं. ठाण्याच्या मासुंदा तलावावर चांगली बातमी आली, ती जशीच्या तशी चिकटवली, खाली वर्तमानपत्राचं नावही दिलं, तरी काढली. लोक वैतागतात: ‘नाव दिलंय ना?’ पण श्रेय देणं ही एक गोष्ट आणि परवानगी असणं ही दुसरी. विकिपीडियावरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली जातो, म्हणजे तो पुढे कुणीही वापरावा, बदलावा, विकावासुद्धा. वर्तमानपत्राने अशी मोकळीक दिलेली नसते, तेव्हा ती त्यांच्या वतीने तुम्ही देऊ शकत नाही. माहितीवर कुणाचा हक्क नसतो, हक्क असतो तो वाक्यरचनेवर. बातमी वाचा, मिटा, स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहा आणि बातमीचा संदर्भ जोडा. हे काढण्याचं मग कुणाला कारण उरत नाही.

तिसरं कारण उल्लेखनीयता. या शब्दाने माणसं दुखावतात, कारण तो आपल्या कर्तृत्वाचा निकाल वाटतो. तसं नाही. त्या विषयावर त्याच्याशी संबंध नसलेल्या लोकांनी, छापील किंवा विश्वासार्ह ठिकाणी, पुरेसं लिहून ठेवलंय का, एवढंच बघतात. ठाण्याच्या कोपिनेश्वर मंदिरावर तसं लिखाण सापडतं. आपल्या सोसायटीच्या गणेशोत्सव मंडळाचं काम कितीही चांगलं असलं, तरी त्याबद्दल मंडळाच्या स्मरणिकेपलीकडे काही नसेल तर लेख टिकत नाही. वडिलांवर, आजोबांवर लेख लिहू का, हे मला सारखं विचारतात. विकिपीडिया नातेवाइकांना बंदी घालत नाही, पण लिहू नये असंच सुचवतो, आणि मला ते पटतं. आपल्या माणसाबद्दल लिहिताना ‘थोर’, ‘निःस्वार्थी’, ‘झपाटलेले’ हे शब्द कधी आत शिरले ते कळतसुद्धा नाही. त्यापेक्षा हाताशी असलेली कात्रणं, पुस्तकांची नावं एखाद्या लेखाच्या चर्चापानावर (प्रत्येक लेखाला जोडलेलं, त्यावर बोलायचं पान) किंवा विकिपीडियाच्या मदतकेंद्रावर द्या आणि लिहिणं दुसऱ्याला करू द्या.

बदल उलटला तर पुन्हा तोच चिकटवायचा नाही. अशी ओढाताण दोन-तीनदा झाली की तिला संपादनयुद्ध म्हणतात, आणि मग तुमचं म्हणणं बरोबर असूनही खातं रोखलं जाऊ शकतं. लेखाच्या ‘चर्चा’ पानावर विचारा, उत्तर नाही आलं तर चावडीवर, म्हणजे सगळ्या सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर. सराव करायचा असेल तर धूळपाटी हे सरावाचं पान आहेच, तिथे काहीही खरडा.

संदर्भ आणायचे कुठून? ठाणेकरांनी तरी हा प्रश्न विचारू नये. मराठी ग्रंथसंग्रहालय इथे १८९३ पासून उभं आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेल्या जिल्हावार माहितीग्रंथाचा, ठाण्यावरचा तेरावा खंड १८८२ चा, त्यावर आता कुणाचा स्वामित्वहक्क नाही. मात्र तो वापरताना ‘१८८२ च्या गॅझेटियरनुसार’ असं लिहायचं. त्यातली लोकसंख्या, बंदरांचा व्यापार हे तेव्हाचं आहे, आणि जातीजमातींबद्दलची ते लिहिणाऱ्या इंग्रज साहेबांची मतं आज तथ्य म्हणून उतरवून घ्यायची नाहीत. आजीने सांगितलेली येऊरची गोष्ट कितीही खरी असली तरी ती थेट विकिपीडियात जात नाही. ती आधी कुठेतरी छापून यावी लागते. हा नियम आगरी-कोळी वस्त्यांसारख्या, ज्यांचा इतिहास तोंडी जास्त आणि छापील कमी आहे, अशांवर अन्याय करतो. मला तो खुपतो, पण नियम आहे, आणि त्याला वळसा घालून लिहिलेलं टिकत नाही.

आता पैशाचा मुद्दा. तो जिथून उगवला ते ठिकाण खरं आहे. ‘तुमचं विकिपीडिया पेज बनवून देतो, गॅरंटी’ असं म्हणणारे एजंट डॉक्टरांना, बिल्डरांना, निवडणुकीला उभं राहू पाहणाऱ्यांना गाठतात. अशी गॅरंटी कुणी देऊच शकत नाही, कारण प्रकाशित झालेला लेख त्याच्या ताब्यात राहत नाही. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर अशी एक टोळी उघडकीला आली. ज्यांचे लेख नाकारले गेले होते अशांना हेरायचं, पैसे घेऊन लेख चढवायचा, मग तो ‘सांभाळण्यासाठी’ पुन्हा पैसे मागायचे, ही तिची पद्धत होती. तिची ३८१ खाती रोखली गेली. मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने तसं उघड जाहीर केलंच पाहिजे, हे विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशन या संस्थेच्या वापरअटींत २०१४ पासून आहे. तेव्हा कुणी ‘प्रचालकांपर्यंत आपली ओळख आहे’ म्हणून रक्कम सांगितली, तर तो फसवतोय. लेख लिहायला, टिकवायला, दुरुस्त करायला विकिपीडिया एक रुपया घेत नाही. पानावर वर अधूनमधून दिसतं ते देणगीचं आवाहन असतं, ते दिलं-न दिलं तरी तुमच्या लेखाला काही फरक पडत नाही.

टायपिंगचं दोन वाक्यांत संपतं. फोनवर मराठी कळफलक आहे, बोलून लिहायची सोय आहे, आणि संगणकावर विकिपीडियाच्या संपादन चौकटीत कंट्रोल आणि एम एकत्र दाबलं की रोमन अक्षरांतून मराठी उमटायला लागतं. ज्यांना इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळरचना) येतं त्यांना तोही पर्याय आहे. कोर्स विकणाऱ्यांचं नुकसान झालं तर त्याला इलाज नाही.

फोटोंबद्दलची भीती अर्धी योग्य आहे. गूगलवर सापडलेला, ग्रुपवर आलेला, एखाद्या चॅनेलवरून उचललेला फोटो चढवायचा नाही. तो काढला जातो, आणि काढायलाच हवा. स्वतः काढलेला फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या सामायिक साठ्यात, बिनधास्त द्या, फक्त आपण तो सर्वांना मोकळा करतोय, व्यावसायिक वापरालासुद्धा, हे समजून. फोनमधली मूळ फाइल चढवा. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या प्रतीतून कॅमेऱ्याची माहिती गळून जाते आणि आकारही लहान होतो, त्यामुळे तो खरंच तुमचा आहे का अशी शंका घेतली जाते. इमारतींचं काय, हेही विचारतात. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात इमारतींच्या आणि सार्वजनिक जागी कायमच्या बसवलेल्या शिल्पांच्या छायाचित्रांना मोकळीक आहे. म्हणून ठाण्यातल्या गडकरी रंगायतन या नाट्यगृहाचा बाहेरून काढलेला फोटो चालतो, पण तिथे लागलेल्या नाटकाच्या जाहिरातफलकाचा चालत नाही. भिंतीवर रंगवलेल्या चित्रांनाही ही सूट नाही, त्यामुळे नवी मुंबईतल्या रंगवलेल्या भिंती कितीही देखण्या असल्या तरी त्या जपूनच.

उरला शेवटचा आरोप: कुणीही काहीही लिहितं. हो, लिहू शकतं. २००५ मध्ये जॉन सीगेनथेलर या अमेरिकी पत्रकाराच्या इंग्रजी लेखात कुणीतरी त्यांचं नाव केनेडी बंधूंच्या हत्यांशी जोडलं आणि ते सुमारे चार महिने तसंच राहिलं. त्यानंतर हयात व्यक्तींबद्दलचे नियम कडक झाले. मराठीत लक्ष ठेवणारे डोळे कमी, म्हणून इथे चूक जास्त काळ टिकू शकते, हे मी लपवणार नाही. विकिपीडिया स्वतःही विकिपीडियाला संदर्भ म्हणून धरत नाही. वाक्यापुढचा छोटा आकडा दाबायचा, मूळ ठिकाणी जायचं, आकडाच नसेल तर त्या वाक्यावर विसंबायचं नाही. संपादकाला तिथे ‘संदर्भ हवा’ असा साचा, म्हणजे तयार खूण, लावता येतो, आणि त्यासाठी कुठलीही विद्वत्ता लागत नाही.

एक चूक तर ठाणेकरांनीच शोधावी अशी आहे. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. त्याचे २९,९०,११६ वजा केले तर आजच्या जिल्ह्याच्या हद्दीत तेव्हा ८०,७०,०३२ लोक राहत होते. तरीही आजच्या ठाणे जिल्ह्याबद्दल सांगताना जुना आकडा सर्रास वापरला जातो, शाळेच्या प्रकल्पांत, भाषणांत, इंटरनेटवर सगळीकडे. मराठी विकिपीडियावर ठाणे जिल्हा, त्याचे तालुके, आसपासची शहरं असे लेख उघडा आणि हा आकडा कुठे, कोणत्या वर्षाचा म्हणून दिलाय ते बघा. जुना सापडला तर दुरुस्त करा, जनगणनेचा संदर्भ जोडा, आढाव्याच्या रकान्यात (बदल का केला ते थोडक्यात लिहायची जागा) ‘पालघर विभाजनानंतरचा आकडा’ एवढं लिहा आणि प्रकाशित करा.