सातची शाळा आणि वक्तशीरपणा: एका मेसेजला उत्तर

आमच्या ठाण्यातल्या पालकांच्या ग्रुपांवर गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला. त्यातलं म्हणणं असं: शाळा उशिरा भरवा म्हणणारे मुलांना लाडावून ठेवतायत. आम्ही पाचला उठून शाळेत जायचो. मुलं जागतात ती मोबाईलमुळे, तो काढून घ्या. शाळा उशिरा भरली तर ती आणखी उशिरा झोपतील. उद्या नोकरी लागल्यावर सकाळची लोकल त्यांच्यासाठी थांबणार नाही. वक्तशीरपणा सातच्या शाळेतच अंगी बाणतो.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. नववी-दहावीचा पहिला तास बरीच वर्षं माझ्याकडे आहे. वक्तशीरपणा मला मनापासून प्रिय आहे, आणि म्हणूनच तो असा झोपेच्या गळ्यात बांधलेला मला बघवत नाही.

आधी मोबाईल, कारण त्यात तथ्य आहे. अंथरुणात फोन असला की झोप लांबते. रात्री तो हॉलमध्ये ठेवा, हे मीही प्रत्येक पालकसभेत सांगते. पण मूळ कारण फोन नाही. अमेरिकेतल्या झोपेच्या अभ्यासक मेरी कार्स्केडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सहावीच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वयात येण्याची लक्षणं जितकी पुढे गेलेली, तितकी उशिरा झोपण्या-उठण्याकडे ओढ, असा तो संबंध होता. मुलींमध्ये तर ठळक. तेव्हा कोणत्याही मुलाच्या उशाशी स्मार्टफोन नव्हता. या वयात झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरू लागतं. दिवसभर जागल्यावर डोळ्यांवर येणारी पेंगही हळू साचते. विशीच्या सुमारास शरीराचं हे घड्याळ पुन्हा लवकरच्या वेळेकडे सरकायला लागतं. त्यामुळे चौदा वर्षांच्या मुलाला साडेनऊला बळेच आडवं केलं, तरी ते छताकडे बघत पडतं.

आता साधी बेरीज करा. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. घोडबंदर रोडवर राहणारी माझी एक विद्यार्थिनी संध्याकाळचा क्लास आटोपून नऊला घरी पोचते. जेवण, गृहपाठ, डोळा लागेपर्यंत अकरा. सव्वासहाच्या बससाठी ती साडेपाचला उठते. झाले साडेसहा तास, तेही आठवड्यातले सहा दिवस. यात लाड कुठे आहेत?

‘आम्ही पाचला उठायचो’ हे खरं आहे. पण आम्ही नऊला निजायचोही, आणि शाळा दोन गल्ल्या सोडून होती. ‘लवकर निजे’ हे शब्द ‘लवकर उठे’च्या आधी येतात. आणखी एक गोष्ट आपण विसरतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. ठाणे जेमतेम ७३ अंशांवर. म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या अडतीस मिनिटं मागे चालतो. मुंबईची स्वतःची वेळ वापरात होती तेव्हा ती प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे असायची. त्या घड्याळात आजच्या सातला सहा एकवीसच वाजले असते. जानेवारीत इथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. तोवर आमचा परिपाठ संपलेला असतो. मुलं येतात ती रस्त्यावरचे दिवे चालू असताना.

उशिरा भरवली तर आणखी उशिरा झोपतील, ही भीती तपासून झालेली आहे. अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये २०१६ साली माध्यमिक शाळा ७:५० ऐवजी ८:४५ ला भरू लागल्या. संशोधकांनी मुलांच्या मनगटावर मोजणी-यंत्रं बांधून पाहिलं: झोप रोज साधारण ३४ मिनिटांनी वाढली. पंचावन्न मिनिटांतला मोठा वाटा झोपेत गेला, उशिरा जागण्यात नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच साडेआठच्या आधी शाळा नको असं सांगितलं होतं, आणि कॅलिफोर्नियात २०२२ पासून नववी ते बारावीच्या शाळांसाठी तसा कायदाच आहे. आपल्या राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असा निर्णय काढला. चांगलं झालं. पण ज्या वयाला सकाळ सर्वांत जड जाते, ते त्यात नाही.

लोकलचं म्हणाल तर ती पकडणाऱ्या तिशीतल्या माणसाचं घड्याळ एव्हाना जागेवर आलेलं असतं. शिवाय राज्य सरकारची कार्यालयं पावणेदहाला उघडतात.

राहिला वक्तशीरपणा, आणि खरा वाद इथेच आहे. ठरलेली वेळ पाळणं, दुसऱ्याला ताटकळत न ठेवणं, म्हणजे वक्तशीरपणा. ती वेळ सातची की दुपारी बाराची, याने त्यात काही भर पडत नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा महिन्यात नऊ लेट मार्क घेऊन बसला होता. डायरीत शेरे, गेटपाशी उभं करणं, सगळं झालं. तोच मुलगा संध्याकाळी पाचच्या कबड्डीच्या सरावाला पावणेपाचला हजर असतो, मैदानावर चुना मारतो. त्याच्या डायरीत ‘बेशिस्त’ हा शेरा माझ्या अक्षरात आहे. तो मी लिहायला नको होता.

सातला शाळा भरते याचं खरं कारण एकच: इमारत एक आणि अधिवेशनं दोन, सकाळचं आणि दुपारचं. हे कारण मला मान्य आहे. वर्गखोल्या आकाशातून पडत नाहीत, बसवाल्यांच्याही फेऱ्या ठरलेल्या. मग तसं सांगा. अडचणीला संस्काराचं नाव देऊन मुलांना लाज वाटायला लावू नका.

आणि त्याच इमारतीत एक अदलाबदल शक्य आहे. आमच्याकडे आठवी ते दहावी सकाळी आणि पाचवी ते सातवी दुपारी भरते. हे उलटं करावं. लहान मुलं सकाळी सहज उठतात, मोठ्यांना तीच सकाळ झोपेला मिळेल. खोली एकही वाढवायला नको. क्लासवाले कुरकुरतील, कारण त्यांना दहावीच्या बॅच संध्याकाळऐवजी सकाळी नऊला घ्याव्या लागतील. घेतील, विद्यार्थी तेच आहेत.

येत्या पालक-शिक्षक संघाच्या सभेत मी ही मागणी ठेवणार आहे, जून ते ऑगस्ट एवढ्यापुरतीच. गेल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांचे हजेरीपट कार्यालयातल्या कपाटात आहेत. सप्टेंबरमध्ये दोन्ही वर्षांचे लेट मार्क शेजारी शेजारी मांडून मोजू.